निजलेल्याचे माप

त्या पठारावर झाडे नव्हती. वारा होता, खडक होता, गुडघाभर गवत होते आणि वर उघडे आभाळ. ज्याला जगायचे असे त्याला जमिनीखाली जागा बघावी लागे. ज्यांची नखे बळकट होती ते आपले बीळ आपण खणत. बाकीचे खणणाऱ्यांकडे जात आणि त्याबदली कंद, मुळे, शेंगा, जे काही गोळा केलेले असेल ते देत. खणणे हा तिथला धंदा होता. आणि धंदा म्हटला की त्यात नावाजलेले आले, बुडालेले आले आणि न विचारता सल्ला देणारेही आले.

पठारावर एक जुना रिवाज होता. जी टेकडी ज्याने खणली ती त्याची, पण तिच्यातली बिळे भरलेली असतील तोवरच. हिवाळ्यातल्या सगळ्यांत कडक थंडीच्या सकाळी टिटवी टेकड्यांवरून चालत जाई. बिळात कोणी राहत असेल तर त्या सकाळी बिळाच्या तोंडातून वाफ येते. टिटवी आत डोकावत नसे, कोणाला काही विचारत नसे; फक्त वाफ पाही. जिथली बहुतेक तोंडे कोरडी दिसत ती टेकडी मोकळी झाल्याचे ती ओरडून सांगे, आणि मग पायथ्याशी वाट पाहत बसलेली रानडुकरे वर चढत. रानडुकरांना बिळे नको असत. त्यांना माती उलथायची असे. एका ऋतूत ती टेकडीचा पार चिखल करून टाकीत.

मधल्या टेकडीवर एक सायाळ राहत होती. तिने आणि तिच्या नवऱ्याने ती टेकडी तरुणपणापासून खणत आणली होती. मुरूम असा कडक, की इतर खणणारे तिकडे फिरकत नसत. पण मुरमातले बीळ पावसात गळत नाही आणि नातवंडांपर्यंत टिकते. दोघांचे नाव होते. मग एके वर्षी माथ्याजवळ नवे बीळ खणताना छत बसले आणि नवरा आतच राहिला. सायाळीने ते तोंड दगडांनी बुजवले आणि दुसऱ्या दिवशी अर्धवट पडलेले घोरपडीचे बीळ पुरे करायला गेली. कोणी विषय काढलाच, तर “ह्यांचं काम पक्कं होतं, खडकच कच्चा निघाला,” एवढे म्हणे आणि मातीला लागे.

टेकडी मोकळी झाली तर डुकरे माथ्यापर्यंत जाणार होती. बाकी काहीही तिने सोसले असते.

आणि टेकडी रिकामी होत चालली होती. मागल्या हिवाळ्यात टिटवी तिच्या उतारावर बराच वेळ रेंगाळली होती.

“आत ससा निजलाय,” सायाळ एका तोंडाकडे बोट करून म्हणाली होती. “आणि त्या पलीकडच्यात मुंगसं आहेत. अख्खं कुटुंब.”

“असतील हो, सायाळबाई. मी नाही कुठं म्हणते? पण मला वाफ दिसत नाही.”

“तोंड रुंद आहे. वाफ पसरते. त्याला मी काय करू?”

“त्याला मीही काय करू? यंदा मी भीड धरते. पुढच्या खेपेला धरणार नाही.”

सायाळीच्या तोंडाशी आलेले सगळे शब्द बोलण्याजोगे नव्हते.

तिला कळत नव्हते ते हे, की तिचे काम पठारावर सगळ्यांत चांगले असूनही गिऱ्हाइके खाली घुशीकडे जात होती. घूस ओढ्याकाठच्या मऊ मातीत खणायची. वेडीवाकडी बिळे, तोंडाशी मातीचे ढिगारे, पावसाळ्यात ओल. तरी तिच्या दारात सकाळपासून कोणी ना कोणी उभे असे. सायाळ मात्र अजून नवऱ्याच्याच नेमाने खणत होती. तो नेम असा होता, की बीळ पुरे झाले की आपण स्वतः आत जायचे, सगळे काटे फुलवायचे, शेवटाला जाऊन वळायचे आणि तोंड पुढे करून बाहेर यायचे. कुठे काटा घासला तर तेवढे पुन्हा कोरायचे. “ज्या बिळात आपल्याला वळता येत नाही, ते दुसऱ्याला कोणत्या तोंडानं द्यायचं?” असे तो म्हणे. इतका प्रामाणिक नेम पठारावर दुसऱ्या कोणाचा नव्हता. सायाळीने त्यात केसभरही फरक केलेला नव्हता, आणि करणारही नव्हती.

उरलेल्या गिऱ्हाइकांत ससा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत किरकिरा होता.

“काकू, वारा फार येतो हो आत.”

सायाळीने बिळाचे तोंड फिरवून दिले.

“काकू, आता ऊन येत नाही.”

तिने तोंड अर्धे मागे फिरवले.

“काकू, रागावू नका, पण आत आवाज घुमतो. मी कान हलवला तरी ऐकू येतो.”

“मग हलवू नकोस.”

“हलवत नाही हो, हलतो.”

तिने आतल्या भिंतींना गवत थापले. सशाने ते गवत खाल्ले आणि पुन्हा आवाज घुमतो म्हणून आला. शेवटी एका सकाळी तो कान पाडून दारात उभा राहिला आणि म्हणाला, की थंडी पडायच्या आत घुशीकडे जावे असा विचार आहे.

“तिथं काय सोनं लागलंय?”

“तसं नाही काकू. तिथं बरं वाटतं.”

“बरं म्हणजे?”

“बरं म्हणजे…” ससा मिशा चाटत राहिला. “बरं.”

ह्या ‘बरं’पुढे सायाळीने हात टेकले. वारा म्हणाला असता तर वारा अडवता आला असता, ऊन म्हणाला असता तर ऊन आणता आले असते. बरे कुठून आणायचे?

हे सगळे चालू असताना जवळच्या सपाट दगडावर सरडा ऊन खात बसलेला असे. तो तिच्या नवऱ्याचा स्नेही. जन्मात त्याने वीतभर माती उकरली नव्हती, पण खणण्याविषयी त्याला सगळे ठाऊक होते. बोलताना तो मान वरखाली करी, त्यामुळे स्वतःच्याच म्हणण्याला स्वतःच दुजोरा देतो आहे असे वाटे.

“वहिनी, तुमचं कुठं चुकतं सांगू?”

“नको.”

“तुम्ही त्या घुशीकडे बघत नाही. जे चालतं ते उचलायचं असतं. मी जाऊन येतो. मला कोण ओळखणार? मातीत माती होऊन बसेन.”

“मुळीच जायचं नाही. चोरासारखं कोणाच्या घरात शिरायचं नाही.”

सरडा गेला. दोन दिवसांनी परत आला तेव्हा शेपटी किंचित वाकडी धरत होता, पण चेहऱ्यावर तेज होते.

“गोष्ट एवढीशी आहे, वहिनी. ढीग.”

“कसला ढीग?”

“बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग. लांबून दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, इथं काम चालू आहे, इथं वर्दळ आहे. नाहीतर आपल्याकडे बघा. सगळं झाडून पुसून लख्ख. नुसती स्मशानकळा.”

शेवटचा शब्द बोलून गेल्यावर त्याची मान थांबली. सायाळ उठून कामाला लागली.

हा मूर्खपणा आहे हे तिला कळत होते. पण वैतागलेला जीव आधी मूर्खपणाचाच उपाय करून बघतो, कारण तो हाताशी असतो. जो मुरूम त्या दोघांनी वर्षानुवर्षे लांब नेऊन टाकला होता, तोच तिने पाठीवरून परत वाहून आणला आणि प्रत्येक तोंडाशी नीट निमुळता ढीग रचला. ती ढीगही चांगलेच रचायची.

तिसऱ्या दिवशी वारा सुटला. ढिगांचा मुरूम सरळ बिळांत गेला. मुंगशीण डोळे चोळत, पिलांना पुढे घालून बाहेर आली.

“सायाळबाई, घर दिलं होतंत ना आम्हाला? मग आता पुरताय कशाला?”

मुंगसे एकामागून एक उतार उतरून ओढ्याच्या दिशेने गेली. सर्वांत मागचे पिलू वाटेत थांबून शिंकले आणि मग धावत सुटले.

सरडा मान हलवत म्हणाला, “ढीग अंमळ मोठा झाला.”

सायाळ एका तोंडातला मुरूम उपसू लागली.

“हरकत नाही. दुसरा उपाय आहे. आपण नुसतं म्हणायचं, घुशीच्या बिळात नाग शिरलाय. आणि अगदीच खोटं नाही बघा. ओढ्याकाठी आज ना उद्या शिरेलच.”

सायाळीचे काटे एकदम उभे राहिले. सरडा आधी पिवळा पडला, मग दगडाच्या रंगाचा झाला, आणि मग दगडावर कोणी नव्हते.

त्याला हाकलल्यावरही तिला हलके वाटले नाही. सरडा तिच्या नकाराला न जुमानता गेला होता हे खरे; पण त्याने चोरून आणलेले तिने वापरले होते. ढीग रचणारे पंजे तिचेच होते.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात ती ओढ्यावर गेली. लपतछपत जाणे तिला तसेही जमले नसते, कारण चालताना तिच्या काट्यांचा खुळखुळाट होई. घूस दारातच होती. नाकाला चिखल, एक डोळा मिटलेला, तोंडात मुळी.

“अगो बाई! सायाळताई? तू कशी काय खाली?”

“माझी गिऱ्हाइकं तुझ्याकडे येतात,” सायाळ म्हणाली. “का येतात ते विचारायला आलेय. सांगायचं नसेल तर तसं सांग, परत जाते.”

घुशीने मुळी खाली ठेवली. “मध्यंतरी तुझा तो सरडा येऊन गेला. भिंतीला चिकटून बसला होता. रंग हुबेहूब मातीचा घेतला होता हो, पण पोट धापत होतं. मी काही बोलले नाही. त्याच्या शेपटीवरून चालत गेले फक्त.”

“मी पाठवला नव्हता. पण त्यानं आणलेलं वापरलं मी.”

“काय आणलं एवढं?”

“ढीग.”

घुशीला कळायला थोडा वेळ लागला. मग ती हसत सुटली ती इतकी, की तिला बसावे लागले. “अगं ताई, तो ढीग उचलून टाकायला वेळ होत नाही मला! रोज म्हणते, उद्या टाकीन, उद्या टाकीन. लाज वाटते कोणी आलं की. आणि तू तो… मुद्दाम?”

सायाळ ओढ्याकडे बघत उभी राहिली. तिला परत जावेसे वाटत होते.

“बरं, हसत नाही,” घूस डोळे पुसत म्हणाली. “ये, आत ये. बघ तरी.”

सायाळीने डोके आत घातले. मान गेली, आणि खांद्यांशी ती अडकली. पुढे सरकावे तर काटे छताला रुतत, मागे यावे तर उलटे होऊन भिंतीत शिरत. आतून घुशीने ओढून पाहिले, मग बाहेर जाऊन ढकलून पाहिले.

“राहू दे,” घूस दुसऱ्या वाटेने आत येऊन तिच्या तोंडासमोर बसत म्हणाली. “इथंच बोलू या. बोलता बोलता तू जरा सैल पडशील.”

पठारावर नाव असलेली सायाळ अशी एका वेड्यावाकड्या बिळाच्या तोंडात बुचासारखी बसली. अर्धे अंग उन्हात, अर्धे अंधारात. संताप आवरून ती पुढे पाहत राहिली. थोड्या वेळाने तिच्या ध्यानात आले, की तिच्या चेहऱ्याला वारा लागत नाही. मागे पाठीवरचे काटे वाऱ्याने थरथरत होते आणि इथे मिशीसुद्धा हलत नव्हती. कुठलाही आवाज घुमत नव्हता. चारी बाजूंनी भिंत अगदी जवळ होती, आणि उबदार होती.

“ससा काय म्हणून तक्रार करतो तुझ्याकडे?” घुशीने विचारले.

“वारा. ऊन. आवाज. आता म्हणतो, बरं वाटत नाही.”

“आणि कोल्ह्याचं?”

“कोल्ह्याचं काय?”

घूस हळूच म्हणाली, “ताई, तू ज्यात वळतेस, त्यात कोल्हा वळत नाही का?”

सायाळीच्या तरुणपणी एकदा कोल्हा तिच्या बिळात शिरला होता. नाकात काटे घेऊन केकाटत पळाला होता आणि ती दोघे ते आठवून पावसाळाभर हसली होती. कोल्हा म्हणजे तिच्या लेखी एक हसण्याची गोष्ट होती.

“मग मला कोणी बोललं का नाही?”

“तुला कसं बोलणार? भ्यालेला जीव भ्यालेल्यालाच सांगतो. तुझ्यासमोर भीती म्हणायची लाज वाटते गं. मग ते वारा म्हणतात, ऊन म्हणतात.” घुशीने खांदे उडवले. “माझ्यात विशेष काही नाही. मी मुलखाची भित्री. नवीन कोणी आलं की मी त्याला आधी बाहेर धुळीत निजवते. उठला की धुळीत खळगा राहतो, तेवढंच खणते. उभं राहिलं की सगळेच मोठे दिसतात. निजल्यावर कळतं, कोणाला केवढं लागतं ते.”

बोलता बोलता सायाळीचे काटे खरेच मिटले होते. घुशीने नाकाने ढकलल्यावर ती बाहेर निघाली. अंगावरची माती झाडून ती चार पावले गेली, थांबली आणि परत आली.

“तुझ्या छताला उजव्या हाताला भेग आहे. आत असताना बघितली. वरून पाणी मुरतंय. बिळाच्या वरच्या अंगाला आडवा चर घे आणि उताराकडे सोडून दे. आणि ओलीच्या जागी छत सपाट ठेवायचं नाही, कमान द्यायची.”

“हे मला का सांगतेस?” घुशीचा दुसरा डोळाही उघडला होता. “छत गळायला लागलं तर माझी गिऱ्हाइकं तुझ्याकडेच येतील की.”

“छत बसलं की काय होतं ते मला माहीत आहे,” सायाळ म्हणाली. मग तिने उगाच पाय झटकला. “ते धुळीत निजवायचं, मी केलं तर चालेल तुला?”

“आता झोप काय माझ्या मालकीची आहे?” घूस म्हणाली. “ढीग मात्र माझाच हं.”

टेकडीवर परतल्यावर सायाळीने सशाला बोलावले.

“इथं धुळीत नीज.”

“आत्ता?”

“आत्ता.”

“दिवसाढवळ्या? उघड्यावर? काकू, माझं काही चुकलं का?”

“माप घ्यायचंय.”

“मग उभ्यानं घ्या की!”

सायाळीने फक्त पाहिले. ससा आडवा झाला, पण कोणी त्याचे चित्र काढणार असल्यासारखा. पाय लांब, कान ताठ, पोट आत. डोळे सताड उघडे.

“डोळे मीट.”

“मिटलेत.”

“उघडे आहेत.”

“आमचे असेच असतात, काकू.” थोड्या वेळाने, “तुम्ही बघत राहिलात की झोप येत नाही.” सायाळीने तोंड फिरवले. लगेच मागून आवाज आला, “तुम्ही तिकडं बघत बसलात तर कोल्ह्याकडे कोण बघणार?”

इतक्या वर्षांत कोल्हा हा शब्द सशाच्या तोंडून पहिल्यांदाच आला होता. सायाळीने सगळे काटे फुलवले, सशाकडे पाठ केली आणि गवताकडे तोंड करून बसली. मागची चुळबुळ हळूहळू कमी झाली, मग थांबली.

ससा उठून गेल्यावर तिने खळगा पाहिला. पाय पोटाशी, कान पाठीवर, नाक पायांत. एवढासा. तिच्या दोन पंजांत मावला असता.

तिला आधी राग आला. एवढ्याशासाठी! एवढ्याशा जिवासाठी त्या दोघांनी केवढा मुरूम उपसला, केवढी नखे झिजवली. अर्धा उपसला असता तरी पुरला असता. रुंद छत बसते. अरुंद छत सहसा बसत नाही. हे तिला कोणी शिकवायला नको होते. आणि माथ्याजवळचे ते बीळही एका सशासाठीच खणायला घेतले होते.

तो विचार तिने पुढे जाऊ दिला नाही. खळग्यावर सावली धरून ती बराच वेळ बसून राहिली. वाऱ्याने खळगा बुजायला लागला, तेव्हा उठून त्याच्या कडेने चार दगड ठेवले.

आता अडचण अशी होती, की जे खणायचे त्यात तिला शिरता येणार नव्हते. घूस अंगाने बारीक, ती आतून उकरी. त्यात सायाळीला उचलण्यासारखे काही नव्हते. तिने दोन दिवस मुरमाला शिव्या दिल्या. मग वरून उघडा चर खणला, हवा तेवढाच, तळाशी सशाचा खळगा कोरला, वर चपटे दगड कमानीने बसवले आणि त्यावर मुरूम ठोकून ठोकून टेकडीसारखीच टेकडी केली. असे बीळ पठारावर आजवर कोणी केले नव्हते, घुशीनेही नाही.

काम संपले, आणि ती सवयीने तोंडाशी जाऊन उभी राहिली. काटे फुलवून आत जायचे, वळायचे, बाहेर यायचे. ते तोंड तिच्या डोक्याएवढेही नव्हते. आत वळून पाहिल्याशिवाय दिलेले ते तिचे पहिले बीळ. ती थोडा वेळ तिथेच घोटाळली; मग बाजूला झाली.

“जा,” ती सशाला म्हणाली. “आणि वाऱ्याचं काही बोललास तर बघ.”

ससा गेला आणि दिवसभर बाहेर आला नाही.

जुनी रुंद बिळे तिने आतून दगड रचून आवळत आणली. निजवायचे काम मात्र सोपे नव्हते. घोरपड काठीसारखी लांबलचक निजे आणि माप घेताच कूस बदले. परत आलेली मुंगसे एकमेकांवर पडून झोपत आणि झोपेत भांडत. एक रानमांजर माप द्यायला येऊन चार दिवस तसेच उघड्यावर निजून राहिले. म्हणाले, तुम्ही राखण करता ते इतके छान आहे की बिळाची गरजच वाटत नाही. सायाळीने त्याला काट्यानेच उठवले.

घूस आपल्याकडे जागा उरली नाही की गिऱ्हाइकांना वर पाठवू लागली. पण चर घेतल्यापासून तिची बिळेही कोरडी राहू लागली आणि घोरपड थोड्याच दिवसांत ओढ्यावर निघून गेली. सायाळीचा जळफळाट झाला. तिने तो लपवलाही नाही. चर पुरेसा खोल घेतला आहे की नाही ते पाहायला म्हणून खाली गेली, घुशीला दोन शब्द सुनावले, चर पाहिला, उथळ होता, तो खोल करून दिला आणि आणखी दोन शब्द सुनावून परत आली. सरडा पुन्हा दगडावर येऊन बसू लागला होता. नव्याने येणाऱ्यांना तो मान हलवत सांगे, “मीच म्हटलं होतं वहिनींना, घुशीकडे बघा म्हणून.”

सगळ्यांत कडक थंडी पडली ती सकाळ उजाडली, तेव्हा गवताचे पाते न् पाते पांढरे झाले होते. पायथ्याशी रानडुकरे उठून उभी होती. त्यांचे सुळे आणि पाठीवरचे राठ केस सायाळीला वरून दिसत होते. ती टेकडीच्या मध्यावर उभी राहिली. टिटवी आली, तिच्याकडे न बघता पुढे गेली.

पहिल्या तोंडातून काही दिसले नाही. मग दिसले. अरुंद तोंडातून वाफेचा एक दोरा सरळ वर येत होता. थोडे वर दुसरा. मुंगसांच्या बिळातून जाडसर, थांबून थांबून येणारा. ऊन उतारावर सरकले तसे एकेक तोंड उजळत गेले आणि टेकडी ठिकठिकाणांहून श्वास सोडू लागली. टिटवी तुरूतुरू चालत, मधेच थांबत माथ्यापर्यंत गेली. बुजवलेल्या तोंडाच्या दगडांपाशी ती क्षणभर थबकली. मग काहीही न ओरडता पलीकडच्या उताराने उतरून गेली.

डुकरांनी थोडी वाट पाहिली. मग अंग झाडले आणि ती दुसऱ्या टेकडीच्या वाटेला लागली.

सायाळ सशाच्या बिळाशी आली. एवढी थंडी पडली म्हणजे तो काहीतरी बोलणार होताच. दगड गार लागतो, नाहीतर फार उकडते, नाहीतर डुकरांच्या पायांचा आवाज येतो. तिने उत्तरही तयार ठेवले होते. ससा बाहेर आला नाही. आत जाऊन पाहणे शक्य नव्हते. पठारावरच्या एवढ्या वर्षांत जे तिने कधी केले नव्हते ते तिला करावे लागले. ती खाली वाकली, नाक त्या एवढ्याशा तोंडाशी नेले आणि विचारले,

“काय रे, कसं आहे आत?”

उत्तर आले नाही. ती कान देऊन थांबली. जरा वेळाने आतून एक उबदार श्वास बाहेर आला, तिच्या गारठलेल्या नाकावर, मिशांवर पसरला, आणि मागे गेला. मग पुन्हा आला. सायाळ काटे मिटून तशीच वाकून उभी राहिली.